कार्बाइनला कानस

ओफाकिम, १२ नोव्हेंबर १९९६

ठाण्यातले आमचे थोर मेहुणे आयझॅकभाऊ यांस जोसेफचा शालोम, आणि जुनी सवय म्हणून नमस्कारही. नवी कवळी बसली का? आम्ही दोघं ठीक. तुमची बहीण एव्हलिन तर फारच ठीक; सगळा बिघाड तिथूनच सुरू झाला.

आम्ही नवराबायकोने वस्तीच्या पहाऱ्यात नाव घातलं. पहारेकऱ्याला एक म्हातारी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक, मिळते. ती आधी ज्याच्या त्याच्या डोळ्याशी जुळवून घ्यायची. त्याला इथे इपूस म्हणतात. दुर्बीणबिर्बीण लाड नाहीत. मागच्या भोकातून बघायचं, नळीच्या टोकावरची लोखंडी पट्टी मधोमध धरायची आणि पंचवीस मीटरवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही एकाजागी पडल्या की भोक सरकवून त्या मध्यावर आणायच्या. पुढच्या महिन्यात परीक्षा. नापास झालेल्याची बंदूक काढून घेतात आणि त्याला चहाच्या थर्मासवर नेमतात. परळच्या रेल्वे वर्कशॉपातला चोवीस वर्षांचा फिटर थर्मास सांभाळणार? आणि बायको बंदूक?

शिकवणारी पाझित, वीस वर्षांची सैनिक पोर, आजोबा पेणचे. मी मराठीत विचारतो, ती हिब्रूत डाफरते. एव्हलिनच्या तिन्ही गोळ्या एका पुरीखाली झाकतील अशा पडल्या. माझी एक खाली, एक डावीकडे, तिसरी शेजारच्या योरामच्या कागदावर (तो आपल्या चार गोळ्या मोजून खूश). मी चारचौघांत सांगून टाकलं, बंदूकच वाकडी आहे. पाझित म्हणाली, सबलानुत, म्हणजे दम धर. एव्हलिन माझ्या बंदुकीकडे बघत राहिली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

चहानंतर पुन्हा आडवा झालो, तर तिन्ही गोळ्या वर. बघा, मी म्हटलं नव्हतं? गोळी वर जाते म्हणजे टोकावरची पट्टी उंच, हे शेंबडं पोरही सांगेल. छोटी कानस माझ्या खिशात असतेच (सवय तुम्हीच लावलीत). पाझितची पाठ फिरली तसे चार हात मारले. झाडली, तर गोळी आणखी वर! आणखी सहा हात मारले. आता कागद सोडून थेट मागच्या वाळूच्या टेकाडावर. मग कुठे डोक्यात उजेड पडला की पट्टी जितकी बुटकी, तितकी नळी वर उचलावी लागते. पण भाऊ, घासलेलं लोखंड कुठल्या फिटरला परत चिकटवता आलंय? मुकाट्याने बंदूक रॅकवर ठेवली. बाकी सर्व क्षेम.

आपला,
जोसेफ

ता.क. ठेवताना दस्त्यावरचा नंबर वाचला. बंदूक माझी नव्हती, एव्हलिनची होती. चहाच्या गडबडीत अदलाबदल झाली असावी. तिला पत्ता नाही. थट्टा नाही भाऊ, मला फार भीती वाटते.

आणखी ता.क. म्हणून हे पत्र. तुम्ही जरा आजारी पडा. फार नको, बहिणीला फोन करून ठाण्याला बोलावण्यापुरते. परीक्षा होईपर्यंत ठेवून घ्या.

दादा, मी एव्हलिन. पत्ता लिहायला पाकीट माझ्याकडेच आलं. ह्यांना तुझा पिनकोड कधी आठवलाय? आजारीबिजारी पडू नकोस. अदलाबदल मीच केली, पाझितला सांगून. वाकडी बंदूक की माणूस, ते बघायचं होतं. ह्यांच्या बंदुकीने मी तिन्ही गोळ्या मधोमध मारल्या. माझ्या बंदुकीची घासलेली पट्टी मला रॅकवरच दिसली; पाझितने कालच नवी बसवून दिली. ह्यांना सांगितलेलं नाही. रविवारपासून कोणी न सांगता भांडी घासतायत, लादी पुसतायत. परीक्षेपर्यंत घासू देत.