नऊ ठशांची वाटणी

सन २००६च्या जानेवारीत, अमरावतीच्या कॉलेजात, मराठीच्या तासाला कादंबरी शिकवणं चालू असताना मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, कस्तुरा नवऱ्यासाठी जीव देत नाही. नाव वल्हवत गाव सोडून जाते. तुमी शेवट वाचलाच नाही." सरांनी मला बाहेर काढलं. मी बाहेरच राहिलो. पण जाताना मागच्या बाकावर नाजिया हसली, आणि तिथून माझं सगळं बदललं.

मी, दानियाल वल्द वाहेद रंगारी, वय २१, राहणार जुने शहर, अकोला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. परवा नागपुरात माझी एक किडनी अब्बांना बसवणार आहेत. देणाऱ्याला धोका फार कमी, असं डॉक्टर सांगतात. तरी त्यांनी सहा कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. हा सातवा माझ्या मर्जीचा.

कलम १. कादंबरीतल्या कस्तुरेचे नऊ सागवानी ठसे मी कोरले, ओढण्यांवर छापले. हीच माझी मिळकत. शरियतीप्रमाणे वारसांबाहेर एक तृतीयांशच देता येतं, म्हणून तीन ठसे नाजियाला. त्यात नाव वल्हवणारी कस्तुरा असावीच. तो ठसा चुकलेला आहे. ठशावर चित्र उलटं कोरायचं असतं. मी घाईत सुलटं कोरलं, आणि कापडावर नाव गावाकडे वळली. नत्थुजी सुतार म्हणाले, "रंगाऱ्याच्या पोराले इतकं समजत नाही?" नाजियाने ओढणी उलगडली. "पुस्तकातली जाते, तुझी परत येऊन राहिली. राहू दे. मले हीच पाहिजे."

तिला मी अजून विचारलेलं नाही. परत आलो तर त्याच आठवड्यात विचारीन. नाही आलो तर तिने खुशाल दुसऱ्याशी लग्न करावं. तो माणूस मला आत्तापासूनच आवडत नाही, याची नोंद असावी.

कलम २. बाकी सहा ठसे अम्मी-अब्बांचे. कपाशीची लागोपाठ तीन सालं गेली, दर्यापूरच्या बाजारात लग्नाच्या ओढण्या उठत नाहीत. कस्तुरेच्या मात्र अठरा गेल्या. शेजारच्या आशाबाईंनी दोन घेतल्या. म्हणाल्या, "बाईचे हात पाहा, कामाचे हायत." सायकलही अम्मीची. तिला चालवता येत नाही, विकता येते.

कलम ३. कॉलेज सोडल्यापासून अब्बा माझ्याशी बोलत नव्हते. माझे ठसे म्हणजे पुस्तकी लाकडं. किडनीचं निघालं तेव्हा अम्मीला म्हणाले, "ज्यानं माझं ऐकलं नाही, त्याचं अंग माझ्या अंगात काऊन घालू? कॉलेजात परत जातो असं म्हणू दे त्याले, मग घेतो." मी सांगितलं, खोटं बोलून किडनी देणार नाही. एक महिना असाच गेला. अब्बांचे पाय सुजत गेले. काल दुपारी ते भिंत धरत आमच्या छपाईच्या कारखान्यात आले, माझा ठसा उचलला, रंगात टेकवला, कापडावर ठेवून वरून मूठ मारली. "रंग जास्त घेतो तू. बरा होऊ दे मले, दाखवतो."

त्यामुळे या कलमात लिहिलेल्या सर्व तक्रारी मी आज खोडल्या आहेत. वरच्या एवढ्या ओळी राहू द्याव्यात.

साक्षीदार:
नत्थुजी सुतार (सही)
आशाबाई, शेजारीण (अंगठा)

दानियाल (सही)
अकोला, १९ नोव्हेंबर २००६

ता.क. जीप आली. अब्बा पुढे बसलेत आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून ती जागा माझ्यासाठी धरून आहेत. कागद अम्मीच्या पेटीत ठेवतो. निघतो, दार ओढून घेतो.