सोळा झडपांचे आकडे

प्रिय कर्टिस,

तू वर जिन्यातल्या खिडकीशी झटापट करतो आहेस आणि मी खाली स्वयंपाकघरात कोट घालून हे लिहिते आहे. एका छपराखाली राहून नवऱ्याला पत्र! पण तोंडाने सांगायला दोनदा वर आले आणि दोन्ही वेळा भांडूनच खाली उतरले.

मला या घराचा वीट आला आहे. एकशे ऐंशी वर्षांचं हे लाकूड विकत घेतलं तेव्हा तू म्हणाला होतास, "दोन उन्हाळ्यांत चकाचक करतो, बघशील." अकरा उन्हाळे बघितले. आपली टेस इथे लहानाची मोठी होऊन कॉलेजला गेली, तरी तिच्या खोलीचं छत अर्धंच आहे. साध्या प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवू म्हटलं, तर जुनी घरं जपणाऱ्या वारसा समितीतल्या त्या बाईंनी असं बघितलं, जणू मी चर्च पाडायला निघालेय. "या खिडक्यांनी किती हिवाळे काढलेत, हायडी!" स्वतःच्या घरात मात्र ऊब द्यायला नवाकोरा बॉयलर.

आणि आता हे. आठ खिडक्या, सोळा सरकत्या झडपा, सगळ्या काढून ठेवलेल्या. भिंतींना भोकं आणि भोकांवर फडफडणारं प्लॅस्टिक. घर इतकं तिरकं खचलंय की एका चौकटीची झडप दुसरीत जात नाही. महिना झाला, तू एकेक झडप उचलून प्रत्येक चौकटीत लावून बघतोस, परत उतरवतोस. काल बर्फाची भुरभुर झाली.

"काढताना कुठली झडप कुठल्या चौकटीची, ते आकडे टाकायचेच विसरलो गं," तू म्हणालास. "हल्ली डोकं असतं कुठे तुझं?" मी फटकारलं. तू हसलास. "बाबांचंही असंच सुरू झालं होतं." आणि मीही हसले. शेवटच्या वर्षी तुझे बाबा तुलाच वायरमन समजून "काम झालं का?" विचारायचे, ते मी पाहिलेलं असूनही.

आज सकाळी काचांची पुट्टी भरायची पट्टी शोधताना तुझ्या कोटाच्या खिशात दवाखान्याचा कागद सापडला. मंगळवार, साडेनऊ, स्मरणशक्तीची तपासणी. माझ्याशी अवाक्षरही बोलला नाहीस. 'अलीकडे काय विसरलात?' या प्रश्नापुढे तुझं अक्षर होतं: 'झडपांवर आकडे टाकल्याचं स्पष्ट आठवतं. पण झडपांवर आकडे नाहीत.'

कर्टिस, आकडे होते. टेसला कॉलेजला सोडायला तू गेलास, त्या दोन दिवसांत मी कोठारात बसून सगळ्या झडपांचा रंग खरवडला. तू आल्यावर थक्क व्हावास म्हणून. तुझे पेन्सिलीचे आकडे त्या रंगावरच होते, हे ध्यानात आलं तेव्हा पंधरावी झडप हातात होती. सोळावीही खरवडली, म्हणजे पुरावा नको. तू विचारलंस, "आकडे दिसले का?" मी म्हणाले, "नव्हते काही." या घरापायी एकदा तरी चूक तुझी ठरली, याचं मला बरं वाटलं, म्हणून महिनाभर तुला झडपा चढवू-उतरवू दिल्या. तपासणीला जायचंच असेल तर मीही येईन, पण ते उत्तर खोड. तुला बरोबर आठवतंय. सातच्या मधून तू आडवी रेघ मारतोस ना, तीसुद्धा होती. मी खरवडली.

तरीही तुझीच,
हायडी