घर विकून उरलेल्याची व्यवस्था

मी, गोजरबाई महिपती दळवी, वय एकाहत्तर, पूर्वी शिवणकाम करणारी, सध्या राहणार भाड्याची खोली, होटगी रस्ता, सोलापूर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी भरीस न घालता, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवते. कायद्याचे शब्द वकिलांचे आहेत, बाकी बोलणे माझे.

१. घराबाबत. माझ्या नावावर घर नाही. होते. ते मी हयातीतच विकले आहे, त्यावर कोणी हक्क सांगू नये.

मुलगा इंद्रजीत याच्या टेंभुर्णीतील मोबाइलच्या दुकानासाठी आम्ही घर तारण ठेवून कर्ज काढले. कर्जात त्याचेही नाव होते. दुकान बसले, तो पुण्याला गेला. यजमान होते तोवर त्यांच्या पेन्शनमधून हप्ते जात. ते गेल्यावर हप्ते थकले आणि बँकेने दारावर नोटीस चिकटवली. मी ती काढली नाही. वाटले, कोणीतरी वाचून विचारायला येईल.

आले ते धाकटे दीर धोंडिराम. "वहिनी, लिलावात मातीमोल जाईल. त्यापेक्षा निम्म्या किमतीत माझ्या नावावर करा," म्हणाले आणि पाणीही न पिता गेले. इंद्रजीतला फोन केला. "आई, गळती काढून घे, रंग दे, मग चांगलं गिऱ्हाईक येईल." रंगाला पैसे कुठून आणायचे ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मग अंबुबाई हत्तुरे आल्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या, हॉटेलांना कडक भाकरी पुरवतात. त्यांना चुलींसाठी घरामागचे परसू हवे होते. न्हाणीची फुगलेली भिंत, गळका पत्रा, सगळे मी दाखवले.

"आक्का, हाय तसं द्या. भिंत आमी बगू की," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारले, "हितं कुनी गेलंय का?"

"व्हय. ह्याच खोलीत. आमचे मालक."

त्या उंबऱ्यावर बसल्या. "मग मानसांनी राबतं घर हाय की," म्हणाल्या.

किंमत रास्त दिली. बँकेची बाकी थेट बँकेत भरली, बोजा उतरला, मग खरेदीखत झाले. पलंग आणि भांड्यांची मांडणी मी तिथेच ठेवली. या खोलीत मावत नव्हती.

२. कर्ज फिटल्याचा दाखला इंद्रजीतला द्यावा. घर विकले म्हणून तो माझ्याशी बोलत नाही. लिलाव झाला असता तर त्याच्याही नावाला बट्टा लागला असता, म्हणून विकले. हे त्याला सांगायचे राहिले, इथे सांगते.

३. बँकेतील शिल्लक नात उत्कर्षा हिला, ती सज्ञान झाल्यावर. तिला मी एकदाच मांडीवर घेतले आहे. पैशाचे काय करायचे ते तिने ठरवावे, तिच्या बापाने नाही.

४. धोंडिराम यांना काही नाही. यजमानांची सायकल ते दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले आहेत, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. तिला ब्रेक नाही, एवढे त्यांना कळवावे.

५. शिलाई मशीन अंबुबाईंना द्यायचे आणि साक्षीलाही त्यांनाच बोलवायचे मनात होते. वकील म्हणाले, "ज्यांना वस्तू देता त्यांनीच साक्षीदार व्हावं हे बरं नाही. दुसरं कोणी आणा." एक साक्षीदार म्हणून त्यांनी आपले कारकून दिले. दुसऱ्यासाठी मी दोन दिवस विचार केला. शेजारच्या खोल्यांतली माणसे सारखी बदलतात. शेवटी अंबुबाईंकडे गेले आणि अडचण सांगितली. त्यांनी हाताचे पीठ पुसले.

"मशीन ऱ्हाऊ द्या आक्का. सही कुटं करायची ते दावा."

म्हणून मशीन विकून माझ्या क्रियाकर्माचा खर्च भागवावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सही: गोजरबाई महिपती दळवी

साक्षीदार
१. युवराज सिदू कांबळे, वकिलांचे कारकून. मला आज प्रथम भेटले.
२. अंबुबाई विरुपाक्ष हत्तुरे. मला ओळखतात.