गाऱ्हाण्यातली ती ओळ

बाबा, आपल्या धाकटीला, माझ्या बहिणीला, मारणाऱ्याची फाशी न्यायालयाने रद्द केली. आता त्याला जन्मठेप आहे. तुम्ही हयात असता, तर ही बातमी तुम्हाला कोणी सांगायची यावरून आपल्या जोगेश्वरीच्या घरात वाद झाला असता.

निकालपत्र मी सावकाश वाचले. त्यात गुन्ह्याबद्दल शंका घेतलेली नाही, की फाशी देणेच चुकीचे होते असेही म्हटलेले नाही. त्याचा दयेचा अर्ज वर्षानुवर्षे निर्णयाविना पडून राहिला. रोज सकाळी न्यायला येणाऱ्या पावलांचा कानोसा घ्यायला लावून माणसाला फाशीच्या कोठडीत इतके ताटकळत ठेवणे हीच क्रूर शिक्षा ठरते, आणि राज्यघटनेने दिलेला जीविताचा हक्क कैद्यालाही शेवटच्या श्वासापर्यंत असतो, एवढाच त्या निकालाचा आधार. मी वाणिज्य शाखेचा. तरी त्या युक्तिवादात मला खोट सापडली नाही. आपण ताटकळत काढलेल्या वर्षांचा मात्र त्यात उल्लेख नाही.

अजून डोळ्यांसमोर येते: गणपतीसमोर तुम्ही गाऱ्हाणे घालता आहात. घरातली दुखणी, मुलांच्या नोकऱ्या देवाला सांगून होतात. मग लेकीचे सांगायची वेळ येते आणि तुमचा आवाज खाली येतो. "जेणा माझ्या चेडवाक मारल्यान, तेका फासार चढव रे म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणतो, "होय म्हाराजा!" एका वर्षी मी गप्प राहिलो, तेव्हा सगळ्यांसमोर तुम्ही फटकारलेत, "मूग गिळलंस काय रे?" तुमच्या माघारी गाऱ्हाणे माझ्याकडे आले, त्या ओळीसकट.

यंदा त्या ओळीपाशी मी थांबलो. काका लगेच म्हणाले, "अरे, ता ऱ्हवला मा!"

"काका, फाशी रद्द झाली."

"ती कोर्टान केल्यान. देवाचा कोर्ट येगळा!"

मागे कोणीतरी हसले. आई हसली नाही. "भावोजी, पुरे आता," ती म्हणाली. "ह्यांनी मरेपर्यंत त्या मेल्याचाच नाव घेतल्यानी. माझ्या चेडवाचा नाव ह्या घरात कोण घेता?"

मी धाकटीचे नाव घेऊन गाऱ्हाणे पुरे केले. ते नाव ओठांवर यायला मला क्षणभर लागले. "होय म्हाराजा" सर्वांत आधी आई म्हणाली.

हे कुठे पाठवायचे नाही, म्हणून लिहितो. निकाल योग्य आहे, असे मी नातेवाइकांना शांतपणे समजावून सांगतो आणि ते मला मनापासून पटलेलेही आहे. तरीही उद्या तो तुरुंगात आपसूक मेला, तर मला बरे वाटेल. आईला मी हे सांगितलेले नाही.