सान्ता आनाच्या दाराची किल्ली

३ जुलै

माझ्या लेकीला, यास्नाला, काल तिकडे आंतोफागास्ताला मुलगी झाली! माझी पहिली नात. मी आजी झाले, आणि बसलेय कुठे? गावातच, गळ्यात चर्चची किल्ली अडकवून. वीतभर लांब, लोखंडी. लोढणं नुसतं!

किल्लीवाल्यानं रात्र गावाबाहेर काढायची नाही, असा इथला नियम. खालच्या गावची किल्लीवाली एकदा लग्नाला गेली आणि मागे त्यांच्या देवमातेचा चांदीचा मुकुट चोरीला गेला. तेव्हापासून तर फारच कडक. किल्ली दर वर्षी सान्ता आनाच्या सणाला पुढच्या घरी जाते. माझी पाळी कधीच संपली! पुढचं घर दिराचं, म्हणजे रुदेसिंदोचं. एका सणाला त्याचा गुडघा दुखत होता, पुढच्या सणाला डोळे. यंदा बहुधा केस दुखतील.

५ जुलै

राजधानीतून, सांतियागोहून, एक जोडपं आलं. गॉगल, टोप्या, चार-चार बाटल्या पाणी — जणू चंद्रावर निघालेत. बाई चर्चच्या भिंतीला हात लावून म्हणते, "हे खरंच मातीचं आहे?" नाही हो, गुळाचं आहे, चाटून बघा! (हे मनात.) तिनं वास मात्र घेतला. नवरा भिंतीतली गवताची काडी उपटत होता, आठवण म्हणून. दिली हातावर एक चापट. प्रत्येकानं एकेक काडी नेली तर आतली सान्ता आनाची लाकडी मूर्ती उघड्यावर येईल.

"किती शांतता! तुम्ही किती भाग्यवान!" म्हटलं, ही घ्या किल्ली, राहा वर्षभर. तर त्यांनी किल्लीचा फोटो काढला.

६ जुलै

थंडी. जुलै म्हणजे इथे ऐन हिवाळा; नळ गोठला. कुणी आलं नाही. बरं झालं.

९ जुलै

रुदेसिंदो पाटावर भेटला. शेतात पाणी सोडत होता. म्हटलं, "यंदा तुमची पाळी."

"वहिनी, माझी ना नाही हो. पण माझ्या शेळ्या?"

"शेळ्या संध्याकाळी आपल्या आपण घरी येतात."

"त्या येतात. पण मला मध्येच शहरात, कालामाला जावं लागतं ना!"

"कशाला?"

"असतात कामं."

कामं! दोन-दोन रात्री चालणारी. बायको जाऊन वर्षं झाली, तेव्हा कुणाचं काही म्हणणं नाही. पण त्या कामाला बाईचं नाव आहे, आणि कालामात तिचं शिवणाचं दुकान आहे, हे शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे.

१४ जुलै

फोनला रेंज फक्त दफनभूमीच्या टेकडीवर. वारा असा की कान गळून पडावेत. यास्ना रडत होती. टाके दुखतात, बाळ रात्रभर जागं, जावई खाणीत पाळीवर. "आई, आधी म्हणालीस बाळंतपणाला येते. आता म्हणतेस सणानंतर. तुला ती लाकडाची सांभाळायचीय की ही हाडामांसाची?" रेंज गेली असं म्हणाले आणि फोन ठेवला.

खाली येऊन चर्च उघडलं आणि सान्ता आनाशी चांगली भांडले. तूही आजीच ना, येशूची? तुझ्या नातवाच्या वेळी तुझ्या गळ्यात कुणी किल्ली अडकवली होती का? तिचं सगळं लक्ष लेकीकडे. शेजारी छोटी मारिया पुस्तक घेऊन उभी. तिला वाचायला शिकवणं अजून संपलेलं नाही.

१८ जुलै

गावाची बैठक. फादर आन्सेल्मोंनी कालामाहून निरोप धाडलाय: सणाच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर कुणी किल्ली घेतली नाही, तर ती ते घेऊन जाणार. मग चर्च वर्षातून दोनदा, ते येतील तेव्हाच उघडायचं. हे ऐकून सगळे हळहळले. शेजारची त्रान्सितो तर रडली. हात मात्र एकाचाही वर झाला नाही.

"नोलबेर्ताबाईंसारखं कुणाला जमणार!" म्हणे माझ्याकडे बघून. स्तुतीला पैसे पडत नाहीत, म्हणून ती इथे भरपूर मिळते.

२३ जुलै

सणाआधीचं लिंपण. माती तुडवायला बायका, भिंतीवर हातानं थापायलाही बायकाच. पुरुष उन्हात बसून कुठे कमी पडलं ते सांगत होते. रुदेसिंदो घंटेच्या मनोऱ्यावर चढला, तेही दोनदा. म्हटलं, गुडघा कसा आहे?

"कोणता गुडघा?"

२६ जुलै

सण. मिस्सा झाली. फादर दारात उभे राहिले. "किल्ली कोण घेतंय?" शहरातून आलेली मंडळी फोनमध्ये बघायला लागली. रुदेसिंदो बुटांकडे. फादरनी हात पुढे केला. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. कुणी नाही! याच दारातून मी नवरी होऊन आत गेले, याच दारातून माझ्या नवऱ्याची, एवारिस्तोची, शवपेटी बाहेर आली. ते बंद पडलेलं मला बघवेना. म्हटलं, "राहू दे माझ्याकडेच."

आणि काय — टाळ्या!

जेवताना रुदेसिंदोनं स्वतःच्या हातानं मला मक्याच्या रश्श्यातलं सगळ्यात मोठं हाड वाढलं. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून हे गाव आहे!" हाड चोखून खाल्लं. राग इतका आला होता की चवच लागली नाही.

२७ जुलै, बसमध्ये

अक्षर हलतंय. सकाळी चर्चचं दार सताड उघडलं, दोन्ही फळ्यांना दगड लावले, सान्ता आनापुढे गुडघे टेकले आणि बस पकडली. किल्ली गळ्यातच! बस हलल्यावर खिडकीतून त्रान्सितोला ओरडून सांगितलं, "दार उघडं आहे गं! लक्ष ठेवा सगळे!" तिनं आ वासला तो वासलेलाच. भीती वाटतेय. हसूही येतंय.

३० जुलै, आंतोफागास्ता

नात! नाक एवारिस्तोचं, बिचारी. मांडीवरून खाली ठेववत नाही. यास्ना दोन दिवस नुसती झोपली.

रुदेसिंदोचा फोन आला. टेकडीवरून, वाऱ्यात ओरडत. "वहिनी, हा काय आचरटपणा! किल्ली आणा!"

"आणते पंधरा दिवसांनी."

"इथे आम्ही पुरुष पाळीपाळीनं चर्चमध्ये झोपतोय! थंडीनं मेलो!"

"मग नवं कुलूप लावा."

"त्या जुन्या दाराला खिळा मारायचा तर सांतियागोच्या पुरातत्त्ववाल्यांची परवानगी लागते! अर्ज केलाय!"

"मग गोधड्या न्या."

आमच्या गावातले पुरुष आजवर मिस्सेलासुद्धा इतका वेळ आत बसले नव्हते. कालामातलं शिवणकाम तर पार खोळंबलं असेल.

७ ऑगस्ट

किल्ली आज बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली, रुदेसिंदोच्या नावानं. मी गावी परत जात नाहीये. आता नाहीच. गेले तर पुन्हा टाळ्या वाजवतील. यास्नाला अजून सांगितलेलं नाही. एवारिस्तो तिकडे दफनभूमीच्या टेकडीवर एकटा राहिला, तेवढं मात्र फार सलतंय.