एरंडेल, ईथर आणि धाकटा दीर

मी, मर्टल ॲग्नेस स्क्रिमशॉ, माहेरची पॅजेट, वय एक्याऐंशी, राहणार चॅपल लेन, थॉर्पबी, लिंकनशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके थकले आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी मुलगी रोवेना शेजारच्या खोलीत इस्त्री करत आहे आणि मी काय लिहिते आहे हे तिने विचारलेलेही नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सर्व रोवेनाला मिळावे. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व पार पाडण्याचे कामही तिचेच. मागच्या अंगणातील शेड ती पाडणार हे मला ठाऊक आहे. तिने खुशाल पाडावी. मात्र त्याआधी कलम ४ व ५ वाचावे.

कलम २. माझ्या वडिलांचा पितळी तराजू, वजने आणि काचेची मापे मॉडेल विमानांच्या क्लबला द्यावीत. या वस्तू हॉर्नवेलच्या बाजारपेठेतील आमच्या औषधांच्या दुकानातल्या. तिथे मी औषधे मोजून देत असे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते आणि माझ्या लग्नाचा विषय घरात कोणी काढत नसे. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातला एक लेथवाला दर शनिवारी येऊन ईथर आणि एरंडेल मागू लागला. वडिलांना संशय आला. ईथर भूल देण्यासाठी वापरतात, एरंडेल पोट साफ करण्यासाठी, आणि दोन्ही एकाच माणसाला कशाला हवे, असा त्यांचा प्रश्न.

"एवढं एरंडेल लागतं कुणाला?" त्यांनी विचारले.

"इंजिनाला," तो म्हणाला.

"का? त्याला साफ होत नाही?"

तो माणूस हसला नाही. खिशातून मॉडेल विमानाचे अक्रोडाएवढे इंजिन काढून त्याने काउंटरवर ठेवले. मग ते मला समजावून सांगू लागला, वडिलांना नव्हे. याला डिझेल म्हणतात, ठिणगी लागत नाही, ईथर दाबले की आपोआप पेटते. रॉकेल जळून जोर देते. एरंडेल मात्र जळायचे नाही, पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये टिकून राहायचे. त्या माणसाचे नाव ॲल्बन स्क्रिमशॉ. पुढच्या शरद ऋतूत आमचे लग्न झाले आणि त्याचे इंधन मी मिसळू लागले.

कलम ३. क्लबची चहाची मोठी किटली अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. ती क्लबला परत देऊ नये. स्पर्धेच्या दिवशी बायकांनी धावपट्टीवर पाऊल ठेवू नये, चहाच्या टेबलामागे उभे राहावे, असा ठराव कमिटीने केला होता. तो आता रद्द झाला आहे असे कळते. तरीही किटली देऊ नये. रोवेनाने तीत फुलझाडे लावावीत.

कलम ४. ॲल्बनने स्वतः घडवलेले डिझेल इंजिन, ज्याच्या पोटावर त्याने 'एम' कोरले आहे, ते माझा दीर रूबेन स्क्रिमशॉ याला मिळावे. हे वाचून रोवेनाला आश्चर्य वाटेल. लहानपणी तिला या काकाचे नाव घरात काढायची बंदी होती, आणि त्याचे कारण तिला कधी नीट सांगितले गेले नाही. ते येथे लिहिते.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात जिल्ह्याची अंतिम शर्यत जुन्या लष्करी धावपट्टीवर झाली. तारेला बांधून गोल फिरणाऱ्या विमानांची ती शर्यत होती. ॲल्बनचे इंजिन पाहायला एका इंजिनवाल्या कंपनीचा माणूस मुद्दाम आला होता. त्याला ते पसंत पडले असते तर ॲल्बन कारखाना सोडून आयुष्यभर हेच काम करणार होता. मधोमध तार धरून विमान फिरवायला रूबेन होता, कारण त्याचा हात चपळ. रूबेन वंगण तेलाचा विक्रेता, बोलका, नव्याची हौस असलेला. एरंडेलाने इंजिन जड पळते, आजीबाईंचे औषध आहे ते, असे तो नेहमी चिडवायचा. ॲल्बन एरंडेलावरच अडून राही.

मी चहाच्या टेबलामागे होते. विमान सुटले आणि आवाज चढला, इतका की लोक टाळ्या वाजवू लागले. मग वारा आमच्या बाजूला वळला. धुराला एरंडेलाचा वास नव्हता. मी सकाळी मिसळलेले इंधन ते नव्हते. कप टाकून मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी धावले, पण कमिटीच्या माणसाने मला अडवले. तेवढ्यात आवाज किंचाळल्यासारखा झाला आणि एकदम थांबला. विमान घसरत कडेच्या गव्हात गेले.

ॲल्बनने इंजिन उचलले तेव्हा पंखा फिरत नव्हता. पातळ तेल तापून उडून गेले होते, पिस्टन सिलिंडरला चिकटला होता, त्याचा दांडा वाकला होता. कंपनीचा माणूस टोपी घालून निघून गेला. रूबेनने टाकीत स्वतःच्या कंपनीचे तेल घातलेले इंधन भरले होते, कोणालाही न विचारता. ॲल्बन त्याला एक शब्दही बोलला नाही. पुढे कित्येक वर्षे बोलला नाही. कारखान्यात लेथवर उभा राहिला, संध्याकाळी शेडमध्ये गेला, पण ते इंजिन त्याने डब्यातून काढले नाही.

मग आजाराने ॲल्बनचे हात थरथरू लागले. आधी बशी वाजायची, नंतर शर्टाची बटणे मी लावू लागले. त्या हिवाळ्यात एका दुपारी मागच्या दारात रूबेन उभा दिसला. केस पांढरे, हातात एरंडेलाचा डबा. मी दार धरून उभी राहिले. खरे सांगायचे तर मला ते लावून घ्यायचे होते.

आतून ॲल्बन म्हणाला, "येऊ दे त्याला. गारवा आत येतोय."

रूबेन बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "मला वाटलं होतं, वेग पाहून तो माणूस जागच्या जागी हो म्हणेल. तुझं भलं व्हावं म्हणून केलं रे."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

ॲल्बनने हात मांडीखाली दाबून धरले. मग म्हणाला, "इंजिन मी दुसरं केलं असतं. तू मला विचारलं नाहीस. धाकटा भाऊ ना तू माझा?"

रूबेन रडला. मी उठून किटली पुन्हा चुलीवर ठेवली, दुसरे काय करणार.

त्यानंतर तो हिवाळाभर येत राहिला. ॲल्बन शेडमध्ये खुर्चीवर शाल पांघरून बसे आणि सांगे, रूबेन लेथवर पिस्टन कातून सिलिंडरमध्ये घासून बसवी. त्याने किती पिस्टन वाया घालवले ते मी पाहिले आहे. "हात हलका ठेव, दार नाही ढकलायचं," असे ॲल्बन म्हणे. मार्चमध्ये इंजिन सुरू झाले. ॲल्बनने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, "थोडं आणखी तेल लागेल, नवीन आहे ते." मे महिन्यात तो गेला.

कलम ५. जो कोणी हे इंजिन चालवील त्याच्यासाठी. ते काचेच्या कपाटात ठेवू नये. पिस्टन नवा बसवला असेल तर ईथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्याच मापाने घ्यावे. रुळल्यावर तेल कमी करता येते, पण एक पंचमांशाच्या खाली जाऊ नये, कोणी काहीही म्हणो. ईथर सर्वांत शेवटी ओतावे आणि बूच लगेच लावावे, कारण ते पाहता पाहता उडून जाते. त्याची वाफ जमिनीवरून सरपटते. शेडमधला स्टोव्ह आधी विझवावा. एरंडेल वाळले की डिंकासारखे होते आणि इंजिन अडते. अशा वेळी पंख्याला हिसका देऊ नये, इंजिन ऊन करावे, सुटते.

तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारी माझी दोन इंजिने रोवेनाकडे राहतील. त्यांना रॉकेल चालत नाही, मिथेनॉल लागते. मोटारीचे तेल त्यात मिसळत नाही, तळाशी बसते. त्यांच्यासाठी नव्या कृत्रिम तेलात थोडे एरंडेल घालावे. हे मिश्रण रूबेनने सुचवले आणि ते उत्तम आहे. त्याला मी तसे तोंडावर सांगितलेले नाही. हे कलम त्याला वाचून दाखवावे.

कलम ६. माझा अंत्यविधी साधा असावा. भाषण नको. ॲल्बनच्या वेळी रूबेन चर्चमध्ये सर्वांच्या मागे, दाराजवळ उभा राहिला होता. पहिल्या बाकावर जागा असूनही त्याला कोणी बोलावले नाही; मीही रडण्यात होते, मला दिसले नाही. माझ्या वेळी रोवेनाने गाडी घेऊन त्याला घरून आणावे. तो नाही म्हणेल, मागे बरा आहे म्हणेल. त्याचे ऐकू नये. त्याचा हात धरून त्याला पुढे आणावे आणि घरच्यांमध्ये बसवावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांसमक्ष मी सही करते, व ते माझ्यासमक्ष करतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे, म्हणून बेरिलला मुरंब्याचे पातेले मी कालच हातात दिले.

सही: मर्टल ए. स्क्रिमशॉ

साक्षीदार:
१. बेरिल हॅदरसेज, शेजारीण, चॅपल लेन
२. ऑस्विन टेलफर्ड, पोस्टमास्तर, थॉर्पबी

स्थळ: थॉर्पबी, लिंकनशायर
दिनांक: १४ सप्टेंबर १९९४