पिशवी कुणासाठी ठेवायची

आई, पुण्याच्या त्या दवाखान्यात सगळ्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर ठोकल्या आहेत, आणि हा अन्याय कुणीतरी वर कळवायला हवा. शेजारणीनं पाय हलवला की आपणही डुलतो. माझी शेजारीण म्हणजे तुझ्या नातीची सासू, केंदूरच्या विहीणबाई. आज सकाळपासून त्यांनी मला डुलवत ठेवलं.

तुझ्या नातीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. वय एकोणतीस, मूल नाही. लवकर सापडला, अस्तराबाहेर गेलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढणं हाच खात्रीचा उपाय. पण मूल हवं असेल तर हार्मोनच्या गोळ्या घेऊन थांबता येईल. दर तीन महिन्यांनी अस्तर खरवडून तपासायचं, आणि गोळ्यांनी कॅन्सर हटला नाही तर मात्र पिशवी काढायची. पोरगी म्हणाली, "थांबते." मला लगेच वास आला. पोरीच्या तोंडून सासू बोलते आहे.

तुला असा संशय कधी घेताच आला नाही. खुटबावात असताना, पस्तिशीत, कुण्या डॉक्टरनं तुला "पिशवी खराब झालीय, उद्याच काढू" म्हटलं आणि तू उद्याच गेलीस. काय झालं होतं, विचारलं तर म्हणालीस, "मला काय ठावं? ते म्हनले काढू, आन् काढली." तेव्हापासून मी डॉक्टरचं 'काढा'ही उलटंपालटं करून बघते आणि 'ठेवा'ही.

त्यात मागच्या महिन्यात विहीणबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले. बाळंतिणीचं खाणं, कॅन्सरच्या पोरीला! मी डबा कपाटावर चढवला, पोरीला दाखवलासुद्धा नाही. आज तिला तपासणीला आत नेलं आणि माझा बांध फुटला. "विहीणबाई, नातवाच्या हौसेपायी माझी पोर पणाला लावलीत."

त्यांचा पाय थांबला.

"म्या? आवो, म्या तर पहिल्याच दिशी म्हनले, काढून टाक बाय ती पिशवी. माझ्या लेकाला बायकू पायजे, मला सून. तीच ऐकंना. म्हनली, आत्याबाई, एवढं माझं मला ठरवू द्या."

"मग डिंकाचे लाडू?"

"रगत किती गेलं पोरीचं! का तुमच्यात बाळंतिणीलाच तेवढी कंबर असती?"

लोकांची फजिती लिहून पोट भरणारी मी, आज माझीच फजिती झाली.

पोरगी बाहेर आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तिलाच विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "आठ दिवसांनी रिपोर्ट. कॅन्सर राहिला असेल तर पिशवी काढते. गेला असेल तर मूल होतंय का बघते. तू दोन्हीला फक्त 'बरं' म्हण." मी बरं म्हटलं. किती जड शब्द आहे गं.

खरं सांगते, तुझ्या ऑपरेशननंतर मी 'काय झालं होतं?' एवढंच विचारलं. तुला अजून एखादं मूल हवं होतं का, ते कधीच नाही. आता विचारून उत्तर यायचं नाही. हा कागद दुमडून पर्समध्येच ठेवते.

संध्याकाळी विहीणबाईंची एसटी लागली. त्या पायरीवर पाय टाकणार, एवढ्यात मी वाकले. लग्नात मी तो नमस्कार शिताफीनं चुकवला होता. त्यांनी पाय मागं घेतला, पण तोवर माझा करून झाला होता.